पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन

पाठ्यपुस्तक मंडळाचे कोणतेही पुस्तक हातात घ्या आणि सुरुवातीची पाने उलटून पाहा. एका पानावर तुम्हांला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा लहानसा चौकोन दिसेल. सहावीच्या वर्गात मी पहिल्यांदा हा चौकोन दाखवला आणि विचारले, "हे काय आहे?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "आपा, ये तो चींटियों का मोहल्ला है!" सगळा वर्ग हसला. मला मात्र हे उत्तर आवडले. मोहल्ला म्हटला की घरे आली आणि घरे म्हटली की पत्ते आले. या चौकोनात खरोखरच एक पत्ता लपलेला असतो.

याला क्यूआर कोड म्हणतात. बाजारात तो तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. चहाच्या टपरीवर, भाजीच्या गाड्यावर, किराणा दुकानाच्या गल्ल्याजवळ तो चिकटवलेला असतो. गिऱ्हाईक त्याच्यासमोर मोबाईल धरते आणि पैसे दुकानदाराच्या खात्यात जमा होतात. (येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा आणि घरीही सांगा. दुकानात कोड टिपून गुप्त आकडा दाबला की आपल्या खात्यातून पैसे जातात. पैसे घेण्यासाठी गुप्त आकडा कधीच दाबावा लागत नाही. 'तुम्हांला पैसे पाठवतो, कोड टिपा आणि आकडा दाबा' असे कोणी फोनवर म्हणाले, तर तो ठग समजावा.)

हा कोड जपानमध्ये १९९४ साली तयार झाला. त्या काळी मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर उभ्या पट्ट्यांचा बारकोड असे. एका बारकोडमध्ये वीसएक अक्षरेच मावत. म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगार ते एकामागून एक वाचून थकून जात. डेन्सो या कंपनीतील अभियंते मासाहिरो हारा यांच्यापर्यंत ही अडचण पोहोचली. हारा यांना दुपारच्या सुटीत 'गो' हा खेळ खेळण्याची आवड होती. या खेळात आडव्या-उभ्या रेघांच्या पटावर काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या मांडतात. असाच पट माहिती साठवायला का वापरू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. बारकोडमध्ये माहिती फक्त आडवी मांडलेली असते. या पटावर ती आडवी आणि उभी अशी दोन्ही बाजूंनी मांडता येते. त्यामुळे एका चौकोनात सात हजारांहून अधिक आकडे मावू लागले. कंपनीने हा शोध सर्वांना मोफत वापरू दिला, म्हणूनच तो टपरीपर्यंत येऊ शकला.

आता तुमच्या पुस्तकातला चौकोन नीट पाहा. त्याच्या कोपऱ्यांत मोठे चौकट असलेले ठसे आहेत. किती आहेत? घाईने उत्तर देऊ नका. बहुतेक मुले 'चार' म्हणतात, पण ते तीनच असतात. चौथा कोपरा मोकळा ठेवलेला असतो. त्यामुळे पुस्तक उलटे धरले किंवा तिरपे धरले, तरी वरची बाजू कोणती हे मोबाईलला समजते. या ठशाच्या मध्यातून एक सरळ रेघ ओढली, तर ती आधी काळ्यातून जाते, मग पांढऱ्यातून, मग जाड काळ्यातून, पुन्हा पांढऱ्यातून आणि शेवटी काळ्यातून. त्यांची रुंदी १, १, ३, १, १ अशा प्रमाणात असते. हेच प्रमाण का निवडले? हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासिके, जाहिराती, खोक्यांवरील छपाई असे पुष्कळ कागद तपासले आणि छापील मजकुरात जे प्रमाण फारच क्वचित आढळते, ते शोधून काढले. त्यामुळे आजूबाजूला कितीही मजकूर असला तरी यंत्र फसत नाही.

एक प्रयोग करा. चौकोनाच्या मधल्या भागावर करंगळीचे टोक ठेवा आणि मग मोबाईलने तो वाचून पाहा. बहुधा तो वाचला जाईल. कोड तयार करताना मूळ माहितीबरोबर काही जादा माहितीही गणिताने भरलेली असते. एखादा भाग फाटला किंवा त्यावर शाई सांडली, तर उरलेल्या भागावरून हरवलेली माहिती पुन्हा काढता येते. कोड कसा बनवला आहे त्यावर हे अवलंबून असते. पण तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी चालेल, असेही कोड बनवता येतात. कारखान्यात तेलाचे डाग पडणारच, हे हारा यांना ठाऊक होते. शाळेच्या दप्तरात पुस्तकाचे काय होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

मात्र पुस्तकातल्या या चौकोनात धडा नसतो. चित्रफीत नसते, कवितेची चालही नसते. पाकिटावर जसा पत्ता लिहितात तसा पत्ता तेवढा असतो. मोबाईल तो पत्ता वाचतो आणि इंटरनेटवरून तेथे जाऊन पाठाशी संबंधित साहित्य घेऊन येतो. हे साहित्य 'दीक्षा' या शासकीय मंचावर ठेवलेले आहे. तो २०१७ साली सुरू झाला. चौकोनाजवळ सहा अक्षरे आणि अंक छापलेले असतात, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोबाईलचा कॅमेरा फुटला असेल, तर ही सहा अक्षरे टाईप केली तरी तोच धडा उघडतो.

मोटारीच्या कारखान्यातला हा चौकोन आपल्या पुस्तकात कसा आला, याची हकिकत सोलापूर जिल्ह्यात सुरू होते. माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे तरुण शिक्षक रुजू झाले. तेव्हा शाळेची इमारत पडकी होती. एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला सामान ठेवण्याची खोली होती. अनेक मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्या भाषेत नव्हते. डिसले यांनी प्रथम ती भाषा शिकून घेतली. मग पहिली ते चौथीची पुस्तके मुलांना समजतील अशा रीतीने पुन्हा तयार केली. कवितांचे आवाज, गोष्टी, चित्रफिती आणि स्वाध्याय त्यांनी जमवले आणि ते उघडण्यासाठी पुस्तकात क्यूआर कोड छापले. राज्याच्या शिक्षण विभागाने या कल्पनेची दखल घेतली आणि २०१७ पासून महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड येऊ लागले. पुढे देशपातळीवरील एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही हीच पद्धत स्वीकारण्यात आली.

डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर होती. त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी या रकमेबद्दल भरभरून लिहिले. मी मात्र आमच्या शाळेत ही हकिकत सांगताना कन्नडपाशी थांबते. चौकोन नंतर आला, भाषा आधी आली. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी बोलणाऱ्या जालन्याच्या मुलांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

यंत्राने शिकवण्याचे प्रयत्न आपल्याकडे पूर्वीही झाले. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. तिने मुलांसाठी तयार केलेले कार्यक्रम दूरदर्शनवर दाखवले जात. कार्यक्रम चांगले असत. तुमच्या आई-वडिलांपैकी काहींना ते आठवत असतील. ही संस्था २०१७ साली बंद झाली. त्याच्या थोडे आधी, २०१५ नंतर, राज्यात गावोगावी 'डिजिटल शाळा' करण्याची लाट आली होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळांना टीव्ही, संगणक आणि प्रोजेक्टर घेऊन दिले. पुष्कळ ठिकाणी त्यांचा उत्तम उपयोग झाला. पण मी अशीही एक शाळा पाहिली आहे, जिथे प्रोजेक्टर लोखंडी कपाटात होता, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच नक्की माहीत नव्हते. यंत्र बिघडेल, चोरीला जाईल, मग जबाबदारी कोणाची? या भीतीने ते नवेच्या नवे जुने झाले. कपाट उघडायचे की नाही हे शाळेत एकच व्यक्ती ठरवू शकते, आणि ती म्हणजे मुख्याध्यापक.

आमची शाळा जालना शहरात आहे. मुलांचे वडील सळयांच्या कारखान्यांत, गॅरेजमध्ये, भाजी मंडईत काम करतात. अनेक आया घरी शिवणकाम करतात. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे सर्व शाळा बंद झाल्या आणि आम्हांला मोबाईलवरून शिकवायला सांगण्यात आले. पहिल्या आठवड्यात आम्ही मोठ्या उत्साहाने चित्रफितींचे पत्ते पाठवले. उत्तरे फारच थोडी आली. मी एका मुलीच्या घरी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "आपा, मोबाईल अब्बूंसोबत कारखान्यात जातो. ते रात्री नऊला येतात आणि मग त्यांना झोप येते." आम्ही दिवसभर धडे पाठवत होतो आणि धडे कारखान्यात फिरून येत होते!

त्या वर्षी ठिकठिकाणी शिक्षकांनी निरनिराळ्या युक्त्या केल्या. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. मुले भिंतीसमोर उभी राहून अभ्यास करीत. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. ती मराठीत होती, पण ऐकून मराठी सुधारेल म्हणून आम्ही आमच्या मुलांनाही ती पाहायला सांगत होतो.

आमच्या मुख्याध्यापकांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी सर्व वर्गशिक्षकांना एक कोरी वही दिली आणि सांगितले, "प्रत्येक घरी फोन करून विचारा, मोबाईल कोणाचा आहे आणि तो किती वाजता घरी असतो." हे काम कंटाळवाणे होते. दोन दिवस गेले. पण वही भरल्यावर दिसले की निम्म्याहून अधिक घरांत एकच मोबाईल होता आणि तो संध्याकाळनंतरच घरी येत होता. काही घरांत बटणांचा साधा फोन होता. त्या दिवसापासून चित्रफिती बंद झाल्या. रात्री साडेआठला शिक्षकाने स्वतःच्या आवाजात तीन मिनिटांचा निरोप पाठवायचा, असे ठरले. साधा फोन असलेल्या मुलांना शिक्षक आळीपाळीने फोन करू लागले. आवाजासाठी इंटरनेट थोडे लागते, आणि ज्या आईला वाचता येत नाही तिलाही तो ऐकता येतो.

शाळा उघडल्यावर ही पद्धत आम्ही सोडली नाही. मराठीसाठी तर तिचा फारच उपयोग झाला. उर्दू बोलणाऱ्या मुलांना 'ळ' चटकन जमत नाही. 'बाळ' आणि 'बाल', 'वेळ' आणि 'वेल', 'काळ' आणि 'काल' त्यांच्या तोंडी सारखेच येतात. दुसरी अडचण 'ज' आणि 'च' यांची. उर्दूत जीम आणि ज़े ही दोन वेगळी अक्षरे आहेत. मराठीत मात्र एकच 'ज' 'जग' या शब्दात एक तऱ्हेने आणि 'जीभ' या शब्दात दुसऱ्या तऱ्हेने उच्चारावा लागतो. 'चाक' आणि 'चार' यांतला 'च' असाच वेगळा. हे फळ्यावर लिहून दाखवता येत नाही. कानानेच शिकावे लागते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे वाचन मी रोज कशी ऐकणार? म्हणून प्रत्येक मुलाने आठवड्यातून एकदा पाच ओळी मोठ्याने वाचून त्याचे ध्वनिमुद्रण मला पाठवायचे. मी ते सावकाश ऐकते आणि चुकलेले दोन शब्द माझ्या आवाजात परत पाठवते. दोनच, जास्त पाठवले तर मुले ऐकत नाहीत.

चौकोनातल्या चित्रफितींसाठी मुख्याध्यापकांनी बुधवारचा एक तास ठेवला आहे. चित्रफीत आदल्या दिवशीच शाळेच्या टॅबमध्ये उतरवून ठेवतात, त्यामुळे तासाच्या वेळी इंटरनेट गेले तरी अडत नाही. पहिल्या बुधवारी हृदयाचे काम दाखवणारी चित्रफीत आम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवली. मुले गप्प बसून पाहत होती. सर्व शिक्षक खूश झाले. मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले होते. ते उठले आणि त्यांनी एवढेच विचारले, "फुप्फुसातून आलेले रक्त हृदयाच्या कोणत्या बाजूला येते?" एकही हात वर गेला नाही. पुढच्या बुधवारी तीच चित्रफीत तीन ठिकाणी थांबवली. प्रत्येक वेळी 'आता पुढे काय होईल?' असे विचारले आणि वहीत लिहून घेतले. मग ती पुढे चालवली. या वेळी मुलांमध्ये चक्क भांडण झाले, कोणी 'डावी' म्हणे, कोणी 'उजवी'. उत्तर डावी बाजू हे आहे, आणि त्या वर्गातले कोणीही ते आता विसरणार नाही.

सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. पालकांचा व्हॉट्सॲप गट सुरू झाला तेव्हा त्यावर फुलांची चित्रे, शुभेच्छा आणि औषधांचे नुस्खे यांचा पाऊस पडू लागला. गृहपाठ त्यात बुडून गेला. एका पावसाळी रात्री कोणीतरी 'उद्या शाळेला सुट्टी' असा निरोप टाकला. तो खोटा होता, पण दुसऱ्या दिवशी अर्धी बाके रिकामी राहिली. तेव्हा मुख्याध्यापकांनी गटाची रचना बदलली. आता त्यावर फक्त शिक्षक निरोप टाकू शकतात आणि तोही दिवसातून एकदाच.

एक चूक माझीही झाली. निबंध स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या मुलीचे छायाचित्र मी आनंदाच्या भरात गटावर टाकले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. ते रागावले नव्हते, पण त्यांचा आवाज कापत होता. "माझ्या मुलीचा फोटो किती लोकांच्या मोबाईलमध्ये गेला, सांगता का?" त्यांनी विचारले. मला सांगता येईना. एकदा गेलेले छायाचित्र परत आणता येत नाही. मी त्यांची माफी मागितली. त्या दिवसापासून पालकांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय कोणत्याही मुलाचे छायाचित्र शाळेबाहेर जात नाही. मुलांचे लिखाण, चित्रे, विज्ञानाचे नमुने यांची छायाचित्रे मात्र आनंदाने जातात.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. आठवीतील एका मुलीचे वाचन दर शुक्रवारी रात्री येत असे. तिच्या आवाजामागे नेहमी शिवणयंत्राचा खडखडाट ऐकू येई. मी गमतीने म्हणायची, "तुझी आई तुझ्या वाचनाला ताल धरते." मग दोन शुक्रवार तिचे वाचन आले नाही. ती शाळेतही कधी येई, कधी येत नसे. हजेरीपटावर हे फारसे डोळ्यांत भरणारे नव्हते, कारण त्या दिवसांत लग्नसराईमुळे बरीच मुले गैरहजर असत. मी मुख्याध्यापकांना सांगितले. त्यांनी वही काढून पाहिली. वहीत त्या घरचा एकच नंबर होता आणि तो लागत नव्हता. "फोनने जेवढे सांगायचे तेवढे सांगितले," ते म्हणाले, "आता आपण चालत जाऊ."

घर शाळेपासून लांब नव्हते. आत शिवणयंत्र होते, पण ते बंद होते. तिची आई आजारी होती. औषधासाठी मोबाईल विकावा लागला होता. मुलीला शाळेतून काढून घरी बसवावे, असा विचार चालला होता. तिची चादर शिवण्याची आणि लहान भावाला सांभाळण्याची घरात गरज होती. मुख्याध्यापक बराच वेळ तिच्या वडिलांशी बोलले. त्यांनी शिक्षणाच्या महत्त्वावर भाषण दिले नाही. भाऊ किती वर्षांचा आहे, अंगणवाडी किती वाजता सुटते, शिवणाचे काम दिवसाच्या कोणत्या वेळी असते, असेच ते विचारत राहिले. शेवटी असे ठरले की भावाला सकाळी अंगणवाडीत सोडून मुलीने शाळेत यायचे आणि तीन महिने तिला शेवटच्या तासाला घरी जाऊ द्यायचे. बुडालेल्या तासाचा अभ्यास मधल्या सुटीत घ्यायचे मी कबूल केले.

आता ती मधल्या सुटीत शाळेच्या टॅबवर आपले वाचन मुद्रित करते. मागे शिवणयंत्राऐवजी मुलांच्या खेळण्याचा गोंगाट असतो. परवा तिने पाठ वाचताना 'शाळा' आणि 'वेळ' हे शब्द अगदी स्वच्छ उच्चारले. 'जवळ' मात्र अजून 'जवल'च येते, आणि त्यातला 'ज'सुद्धा जीमचाच. येत्या शुक्रवारसाठी मी तिला तेच दोन शब्द पाठवले आहेत, 'जवळ' आणि 'जग'.